डिसफर्लिन: फाटलेल्या स्नायूपेशीला ठिगळ कोण लावतं?

(दृश्य: पिंजऱ्यातला पांढरा उंदीर, चाकावर चढतो, थांबतो)

लाल डोळ्यांच्या या पांढऱ्या उंदराच्या जातीचं नाव एसजेएल. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर गावच्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९५५ साली ही जात तयार झाली. पुढे कितीतरी वर्षं संशोधकांनी हा उंदीर वापरला तो मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मज्जासंस्थेच्या आजारांच्या अभ्यासासाठी. वय वाढतं तसे याचे स्नायू दुबळे होत जातात, हेही लक्षात आलं होतं. कारण मात्र कळलं १९९९ मध्ये.

त्याच्या आदल्या वर्षी दोन संशोधक गटांनी माणसातलं एक जनुक शोधलं होतं: डिसफर्लिन. ते बिघडलं की बहुधा विशीच्या आसपास पोटऱ्या झिजू लागतात आणि चवड्यांवर उभं राहता येत नाही. काहींच्या मांड्या आणि खांदे आधी दुबळे होतात. एसजेएल उंदरातही हेच जनुक बिघडलेलं निघालं. या जनुकावरून बनणारं डिसफर्लिन हे २,०८० अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन. एसजेएल उंदरात त्यातली फक्त ५७ गायब असतात, पण तेवढ्यानंही स्नायूत हे प्रथिन जेमतेमच उरतं. पुढे ए/जे नावाच्या दुसऱ्या जातीतही हेच जनुक बिघडलेलं सापडलं. तिथे जागा बदलत फिरणारा डीएनएचा एक तुकडा जनुकात येऊन बसला होता. बिघाड वेगवेगळे, जनुक एकच. आणि दोन्ही जाती जगभर भलत्याच कामांसाठी वापरात!

(दृश्य: जिना उतरणारी पावलं)

आता प्रथिनाचं काम. स्नायूपेशीचं आवरण रोजच्या हालचालीतही फाटतं. जिना चढताना जास्त फाटत असेल असं वाटतं ना? उलट आहे. उतरताना मांडीचा स्नायू आकसायचा प्रयत्न करत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. तेव्हा आवरणावर जास्त ताण येतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा एक स्नायूतंतू)

२००३ साली आयोवा विद्यापीठात केविन कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेनं हे फाटणं मुद्दाम घडवून आणलं. उंदराचा एकच स्नायूतंतू, म्हणजे एक लांबट स्नायूपेशी, वेगळा केला. भोवतीच्या द्रावात असा रंग मिसळला, जो पाण्यात जवळपास दिसत नाही, पण पेशीच्या आतल्या स्निग्ध पडद्यांना चिकटला की चमकतो. मग लेसरनं आवरणाला बारीकसं भोक पाडलं.

निरोगी तंतू बघा. भोकापाशी चमक उठते, थोडी पसरते आणि सुमारे मिनिटभरात पसरायची थांबते. म्हणजे भोक बुजलं. आता डिसफर्लिन नसलेला तंतू. इथे चमक वाढतच जाते, कारण रंग आत येतच राहतो.

निरोगी तंतूच्या भोवतालचं कॅल्शियम काढून घेतलं, तर त्याचीही हीच गत होते. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असतं. आवरण फाटलं की ते आत घुसतं, आणि तीच दुरुस्तीची हाक ठरते. आतल्या सूक्ष्म पिशव्या जखमेकडे धावतात, एकमेकींत आणि आवरणात मिसळतात, आणि ठिगळ बसतं. डिसफर्लिनमध्ये कॅल्शियम आणि स्निग्ध पदार्थ या दोघांना धरू शकणारे भाग आहेत. ते नसेल तर पिशव्या जखमेपाशी जमतात, पण ठिगळ बसत नाही.

ड्युशेन या जास्त परिचित स्नायुक्षयात आवरणच कमकुवत असतं. इथे आवरण मुळात धड असतं, दुरुस्ती तेवढी होत नाही. २००९ मध्ये एमजी५३ हे आणखी एक प्रथिन पुढे आलं. ते पिशव्यांना जखमेकडे नेतं, आणि ते नसलेल्या उंदरांचेही स्नायू खराब होतात.

चित्र पूर्ण झालं, असं वाटण्यासारखंच होतं हे. पण उंदरांनी अडचण केली.

२०१२ च्या एका प्रयोगात आजारी उंदरांना डिसफर्लिनचं छोटं रूप दिलं. दुसऱ्या गटात त्याचंच भाऊबंद प्रथिन, मायोफर्लिन, वाढवलं. लेसरच्या चाचणीत भोकं व्यवस्थित बुजली. स्नायू मात्र झिजतच राहिले.

म्हणजे ठिगळ हे डिसफर्लिनचं एकमेव काम नाही. पेशीच्या आत खोलवर जाणाऱ्या नळ्यांमध्ये, ताणाच्या वेळी कॅल्शियम आटोक्यात ठेवायलाही ते लागतं. दाहाचाही वाटा मोठा आहे. २०१० मध्ये अशा उंदरांतून प्रतिकारशक्तीचं सी३ हे प्रथिन काढून टाकलं, तेव्हा स्नायूंची हानी कमी झाली. माणसांच्या स्नायूच्या तुकड्यातही दाह दिसतो. त्यामुळे अनेकदा निदान पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंच्या दाहाचा वेगळाच आजार, असं होतं आणि स्टिरॉइड सुरू होतात. या आजारात त्यांचा उपयोग होत नाही.

(दृश्य: दोन विषाणूकण, प्रत्येकात जनुकाचा अर्धा भाग)

मग पूर्ण जनुकच द्यायचं? २,०८० अमिनो आम्लांसाठी डीएनएची ६,२४० अक्षरं लागतात. जनुक वाहून नेणाऱ्या नेहमीच्या एएव्ही विषाणूत पाच हजारांच्या आसपासच मावतात. म्हणून संशोधकांनी जनुक दोन विषाणूंत विभागून उंदरांच्या स्नायूंत सोडलं. आत दोन्ही तुकडे जोडले गेले आणि पूर्ण लांबीचं डिसफर्लिन तयार झालं. या उंदरांत भोकं तर बुजलीच, स्नायूंची अवस्थाही सुधारली.