ॲम्बेसेडरची उसनी इंजिने

(दृश्य : चेन ब्लॉकला टांगलेले इंजिन, खाली बॉनेट काढलेली पांढरी गाडी)

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या वर्कशॉपमध्ये चेन ब्लॉकला, म्हणजे साखळीच्या कप्पीला, टांगलेले दिसते आहे ते इंजिन इसुझू या जपानी कंपनीच्या रचनेचे, चार सिलिंडरचे आणि १८१७ सीसी क्षमतेचे आहे. ज्या कॉन्टेसा क्लासिक मोटारीतून ते काढले, ती तळाचा पत्रा गंजून गेल्यामुळे भंगारात निघाली होती. ज्या गाडीत ते उतरवायचे आहे, ती १९७७ सालची ॲम्बेसेडर मार्क ३ असून, तिचे आजवरचे इंजिन मागच्या कोपऱ्यात दोन ओंडक्यांवर ठेवलेले आहे.

गाडीभोवतीचे चौघे एका शाळेत शिकलेले मित्र आहेत. चेन ब्लॉकची साखळी ज्यांच्या हातात आहे, ते टर्नर या वर्कशॉपचे मालक. इंजिनाला हाताने दिशा देणारे मेकॅनिक ट्रॅक्टरच्या कामात मुरलेले. वही आणि पट्टी घेऊन वाकलेले गृहस्थ माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. आणि चौथे, ज्यांच्या वडिलांनी ही गाडी घेतली होती, ते गुळाचे अडते आहेत. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, वर्कशॉपचे नेहमीचे काम बंद असताना, हे काम चालते.

जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींना हा उद्योग सहसा रुचत नाही. गाडी ज्या इंजिनासह कारखान्यातून बाहेर पडली त्याच इंजिनावर ती चालली पाहिजे, दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवणे म्हणजे चांगली गाडी नासवणे, असे त्यांचे म्हणणे असते. इतर गाड्यांच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य असेलही. परंतु ॲम्बेसेडरच्या बाबतीत ते मांडताना तिचा इतिहास नजरेआड करावा लागतो.

(दृश्य : जुनी छायाचित्रे, माहितीपुस्तिकेची पाने, समोरच्या जाळीतील फरक)

ॲम्बेसेडरचा सांगाडा मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ या इंग्रजी मोटारीचा होता. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू केले, तेव्हा तिच्यात आधीच्या लँडमास्टर गाडीचे १४७६ सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते. थोड्याच काळात त्याच्या जागी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज घराण्यातील १४८९ सीसीचे इंजिन आले, आणि भारतीय रस्त्यांनी तीन दशके जे ऐकले तो आवाज याच इंजिनाचा होय. याच घराण्यातील १४८९ सीसीचे इंजिन इंग्लंडमध्ये एमजीए या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्येही बसवले जात होते, ही गोष्ट उत्तरपाड्याच्या संथ आणि भारदस्त ॲम्बेसेडरकडे पाहून कोणाच्या मनातही येणार नाही. पुढे डिझेलचे इंजिन आले, आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी कंपनीने स्वतःच ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह बसवून ‘१८०० आयएसझेड’ या नावाने ती बाजारात आणली. म्हणजे आज उद्यमनगरात जे चालले आहे, ते कारखान्याने आधीच करून दाखवलेले आहे. फरक इतकाच की कारखान्याजवळ आराखडे होते आणि येथे पुठ्ठा, कात्री व खडू आहे.

कॉन्टेसाची कथाही फार वेगळी नाही. व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या मोटारीवर बेतलेली ही रुंद आणि जड गाडी १९८४ साली आली तेव्हा तिच्यात ॲम्बेसेडरचेच १४८९ सीसीचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि ते तिला पुरे पडत नव्हते. हिंदुस्थान मोटर्सने इसुझूशी करार करून इंदूरजवळच्या पिथमपूर येथे इंजिने आणि गिअरबॉक्स बनवण्यास सुरुवात केली, त्यानंतरच कॉन्टेसाला तिच्या अंगाला शोभेल असा जोर मिळाला. महाराष्ट्रातही हेच घडत होते. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८० च्या दशकात ‘११८ एनई’ ही गाडी काढली, तेव्हा तिचे अंग फियाट १२४ चे आणि इंजिन निस्सानचे ११७१ सीसीचे होते. महिंद्राच्या जीपमध्ये अमेरिकी वळणाच्या पेट्रोल इंजिनानंतर पेजो कंपनीच्या रचनेचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आले, आणि त्यानंतर गावोगावच्या मेकॅनिकांनी जुन्या पेट्रोल जीप ‘डिझेल करून’ दिल्या. परवान्यांच्या त्या काळात नवा सांगाडा घडवणे परवडत नव्हते, म्हणून इंजिन उसने आणायचे आणि गाडी पुढे चालवायची, हीच भारतीय मोटार उद्योगाची रीत होती.

(दृश्य : बाकावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन पिस्टन)

आता हे दोन पिस्टन पाहावेत. डावीकडचा जुन्या बी-सिरीज इंजिनाचा असून, त्याचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे खाली-वर होण्याचे अंतर, सुमारे ८९ मिलिमीटर आहे. उजवीकडचा इसुझूचा, ८४ मिलिमीटर व्यासाचा आणि ८२ मिलिमीटर स्ट्रोकचा. जुना पिस्टन अरुंद सिलिंडरमध्ये लांबवर खाली-वर होतो, त्यामुळे गाडी कमी फेऱ्यांवरही निमूटपणे ओढत राहते, पण फेऱ्या वाढल्या की तिचा दम तुटतो. इसुझूचा पिस्टन रुंद असून कमी अंतर चालतो, आणि त्या इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ब्लॉकमध्ये नसून वर हेडमध्ये, साखळीवर फिरणारा आहे. म्हणून मोकळ्या रस्त्यावर त्याला फेऱ्या वाढवण्याचे भय वाटत नाही. कंपनीच्या ॲम्बेसेडरमध्ये या इंजिनातून सुमारे ७५ अश्वशक्ती मिळत असे. याच इंजिनाची निवड करण्यामागे आणखी एक व्यवहारी कारण होते : मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे उत्पादन थांबेपर्यंत इसुझू इंजिनाच्या ॲम्बेसेडर बनत राहिल्या, त्यामुळे रिंगा, बेअरिंग, टायमिंग चेन आणि हेडचे पॅकिंग अजून शोधल्यास सापडते.

(दृश्य : इंजिन खाली येते, मेकॅनिकचा हात, आवाज – “अजून दोन सूत... अजून दोन सूत... बास!”)

इंजिन पहिल्यांदा खाली उतरवले जाते, ते बसवण्यासाठी नसून कुठे अडते हे पाहण्यासाठी. येथे ते ऑइल चेंबरपाशी, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यापाशी, अडले. ॲम्बेसेडरच्या पुढच्या चाकांचा सगळा भार ज्या आडव्या क्रॉसमेंबरवर येतो, त्याच्यावरच चेंबरचा खोल भाग टेकत होता. क्रॉसमेंबर कापणे हा सोपा मार्ग होता आणि अनेक ठिकाणी तो अवलंबलाही जातो. परंतु ज्या लोखंडावर पुढचे सस्पेन्शन उभे आहे त्याला कटर लावायचा नाही, असे टर्नर महाशयांनी पहिल्याच दिवशी ठरवले होते, आणि या निवेदनाच्या मते संपूर्ण कामातील सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. त्याऐवजी इंजिन जितके मागे सरकेल तितके सरकवले, आणि उरलेल्या अडचणीसाठी चेंबरच कापून त्याचा खोल भाग मागे घेतला. तेलाची क्षमता कमी होऊ नये म्हणून तो रुंद केला, आणि आतली तेल ओढणारी जाळी त्याच्या नव्या तळाशी जुळवून घेतली. वेल्डिंगनंतर चेंबरमध्ये रॉकेल भरून ते रात्रभर कागदावर ठेवले आहे. कागद सकाळीही कोरडा आहे, हे चित्रात दिसतेच.

त्यानंतर आले फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते आधार. पुठ्ठ्याचे साचे कापून, ते लावून, पुन्हा कापून, मगच जाड पोलादी पट्टीवर खडूने रेघ ओढण्यात आली. सुरुवातीला केवळ टाके मारून पट्ट्या जागेवर धरल्या, कारण खरा प्रश्न अजून सुटायचा होता, आणि तो शिक्षकांच्या वहीत होता.

(दृश्य : गिअरबॉक्सवर ठेवलेली पाणसळ, वहीतील आकृती)

गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट आणि मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचा पिनियन, म्हणजे त्याचा पुढचा दातेरी दांडा, एका रेषेत नसले तरी चालते. किंबहुना ते तसे नसतातच, कारण मागचे हाउसिंग पाट्याच्या स्प्रिंगांवर वर-खाली होत असते. मात्र दोघांचे अक्ष परस्परांना समांतर असावे लागतात. या दोघांना जोडणाऱ्या लांब नळीच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या, टोकाचा क्रॉस (वाकता सांधा) कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा वेग सोडतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर एका क्रॉसने केलेली ही गडबड दुसरा क्रॉस निस्तरतो, आणि कोन सारखे नसतील, तर ती गडबड कंपन होऊन थेट आसनाखाली जाणवते. शिक्षकांनी हे कॅमेऱ्यासमोर दोन पेन्सिली आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन समजावून सांगितले आहे. पाणसळ आणि कोनमापक लावून गिअरबॉक्सचे शेपूट किंचित उचलले, पुन्हा मोजले, आणि दोन्ही कोन जुळल्यावरच टाक्यांच्या जागी पूर्ण वेल्डिंग झाले.

प्रोपेलर शाफ्ट मात्र उद्यमनगराच्या हक्काचा विषय आहे. कॉन्टेसाच्या शाफ्टचे पुढचे टोक आणि ॲम्बेसेडरच्या शाफ्टचे मागचे टोक एकाच नळीवर आणायचे होते. येथील कारागिरीची परंपरा म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कसबी माणसांपर्यंत मागे जाते. शेतीच्या पंपांसाठी लागणारी ऑइल इंजिने या गावाने ओतली, घासली आणि देशभर विकली. त्या परंपरेतल्या माणसाला नळी कापून जोडणे अवघड नाही, पण ती सरळ जोडणे हे काम आहे. लेथवर फिरणाऱ्या शाफ्टवर डायल गेज, म्हणजे बारीकसा वाकही काट्याने दाखवणारे मापक, टेकवलेला आहे. काटा हलतो तिकडे खडूची खूण केली जाते, वाक पाहून वेल्डिंगची आच दिली जाते, आणि काटा जवळजवळ स्थिर होईपर्यंत हा प्रकार चालतो. एवढे होऊनही शाफ्ट बॅलन्सिंगच्या यंत्रावर गेला आणि त्याच्यावर एक लहानसे वजन चिकटवून परत आला.

(दृश्य : ग्राइंडरच्या ठिणग्या, तळाच्या पत्र्यातील भोक)

जुन्या गाडीत गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी होती आणि गिअर चारच होते. नव्या गिअरबॉक्सची दांडी जमिनीतून वर येते, तेव्हा मधल्या बोगद्याचा पत्रा कापावा लागला आणि त्यावर नवे झाकण घडवावे लागले. पुढच्या लांब बाकावर तिसरा माणूस पूर्वीसारखा पाय सोडून बसू शकणार नाही. मालकांना याचे वाईट वाटले, असे ते बोलले नाहीत, पण दांडी पहिल्यांदा हलवून पाहतानाचा त्यांचा चेहरा चित्रात आहे. रेडिएटरची जाळी नवी भरून घेतली आणि इंजिनावरच्या पंख्याला पुढे जागा न उरल्यामुळे विजेवर चालणारा पंखा बसवला. डायनॅमोची जागा अल्टरनेटरने घेतली. वायरिंग रात्री झाले.

(दृश्य : ऑइल प्रेशरचा काटा)

इंजिन सुरू करण्याआधी चारही प्लग काढून ठेवले आहेत. स्टार्टरने इंजिन नुसते फिरवायचे, आणि तेल पंपातून बेअरिंगांपर्यंत पोहोचल्याचे काटा दाखवील, तोपर्यंत त्याला आगीची गाठ पडू द्यायची नाही. काटा हलला. प्लग बसले, कार्बुरेटरमध्ये पेट्रोल आले, मेकॅनिकांनी डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवला. पुढची काही मिनिटे निवेदन नाही.

(दृश्य : इंजिनाचा आवाज, निळसर धूर, चौघे)

जुने १४८९ सीसीचे इंजिन मिरजेकडच्या एका ॲम्बेसेडर मालकाने नेले. त्यांच्या गाडीच्या ब्लॉकला तडा गेला होता आणि त्यांना त्याच जातीचे इंजिन हवे होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही; अर्ज प्रादेशिक परिवहन कार्यालयात दिलेला असून, त्यावर निर्णय होईपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणलेली नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना मिळणारी व्हिंटेज नोंदणीही आता तिला मिळणार नाही. चारही चाकांचे ब्रेक जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत; त्यांना नवे लायनर आणि व्हॅक्यूम बूस्टर लावला आहे, आणि पुढे डिस्क लावण्याचा विचार आहे.

(दृश्य : गाळप हंगाम संपल्यानंतरचे साखर कारखान्याचे रिकामे आवार, पांढरी गाडी वळण घेते)

उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर हंगामात जेथे रांगेने उभे राहतात, ते हे आवार परवानगी घेऊन वापरले आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी खेचते. चौथ्याला जागा कमी पडते, आणि पाचवा अजून कोणी पाहिलेला नाही. पाण्याचे तापमान मध्यावर थांबते. आसनाखाली कंपन नाही, असे शिक्षक खिडकीतून हात बाहेर काढून सांगत आहेत. वेग किती होता, हे मात्र सांगता येत नाही, कारण नव्या गिअरबॉक्सला जुन्या स्पीडोमीटरची केबल बसत नाही. तिचे टोक बनवण्यासाठी टर्नर महाशयांनी नमुना घेतला आहे, आणि तोवर मागून मोटारसायकलवर येणारा त्यांचा मुलगा ओरडून आकडा सांगतो.