फाईल नक्की आहे कुठे?

नमस्कार. लॅपटॉपवरची ती लाल पट्टी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. 'धिस पीसी' उघडलं की सी ड्राईव्हखाली एक निळी पट्टी असते, ती भरत भरत जाते आणि जागा अगदी थोडी उरली की लाल होते. चार वर्षांपूर्वी माझी लाल झाली तेव्हा मी घाईत होते, महत्त्वाचं काम अडलं होतं, आणि सगळ्यात मोठा फोल्डर कुठला ते शोधल्यावर सापडला घरातल्या जुन्या अल्बमचे स्कॅन केलेले फोटो. म्हटलं हे तर क्लाउडवर आहेतच, इथून उडवूया. डिलीट केलं, रिसायकल बिनही रिकामा केला, पट्टी परत निळी झाली आणि मी कामाला लागले.

काही महिन्यांनी फोटो हवे होते म्हणून क्लाउड उघडलं तर तिथेही नाहीत. कारण तो फोल्डर सिंक होता, म्हणजे मी लॅपटॉपवर जे करीन तेच तिकडे होणार, आणि मी डिलीट केलं होतं. क्लाउडच्या ट्रॅशमध्ये काही दिवस पडून होते, ती मुदतही उलटून गेलेली. काही फोटो नातेवाइकांना व्हॉट्सॅपवर पाठवले होते तेवढे परत मिळाले, पण ते कॉम्प्रेस झालेले. त्या फोटोंच्या पाठीमागे माझ्या आत्याने पेन्सिलीने नावं लिहिली होती, कोण कुठे उभं आहे ते, आणि मी ती मागची बाजूही मुद्दाम स्कॅन केली होती. आता मोठं करून बघितलं तर नुसत्या करड्या रेघा दिसतात, एक अक्षर लागत नाही. आत्या आता नाही. म्हणून हा विषय मला इतका लागून राहिलाय.

तर मला आज मुख्य हेच सांगायचंय की सिंक वेगळं आणि बॅकअप वेगळा. सिंक म्हणजे आरसा, तुम्ही फाईल बदललीत तर तिकडे बदलणार, उडवलीत तर उडणार. आणि व्हायरसने फाईली लॉक केल्या तर त्या लॉक झालेल्या फाईलीसुद्धा इमानदारीत वर जाणार. काही सर्व्हिसेस जुन्या व्हर्जन ठेवतात, त्याचा उपयोग होतो, पण त्यालाही मुदत असते. गूगल ड्राईव्हच्या ट्रॅशमधली फाईल ३० दिवसांनी आपोआप कायमची जाते. बॅकअप म्हणजे अशी कॉपी की जिला तुमच्या आजच्या चुकीचा पत्ताच नाही.

मग जागा कमी पडली तर करायचं काय, तर वनड्राईव्हच्या, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, फोल्डरमध्ये फाईलीवर राइट क्लिक केलं की 'डिलीट'ही दिसतं आणि 'फ्री अप स्पेस'ही दिसतं. मला तेव्हा हे दुसरं वापरायला हवं होतं. त्याने फाईल क्लाउडवर राहते, लॅपटॉपवर फक्त तिचं नाव आणि आयकॉन उरतो, उघडली की परत डाउनलोड होते. बाजूच्या छोट्या चिन्हांकडे नीट बघायला शिका. निळा ढग असेल तर फाईल फक्त वर आहे, नेट गेलं की ती उघडणार नाही. पांढऱ्या गोलात हिरवी टिक म्हणजे सध्या इथेही आहे. आणि भरीव हिरवा गोल असेल तर ती कायम इथे ठेवायची असं तुम्ही सांगितलंय. प्रवासाला निघताना ज्या फाईली लागणार त्यांच्यावर हा भरीव गोल आहे का ते बघून घ्यायचं.

आणखी एक गोष्ट, पुष्कळ जणांना माहीतच नसतं की त्यांचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राईव्हच्या पोटात गेलेत. विंडोज सेट करताना कुठेतरी 'नेक्स्ट' दाबलेलं असतं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, लॅपटॉप बिघडला तर त्याचाच आधार होतो, पण फुकटची जागा ५ जीबी असते आणि ती पटकन भरते. गूगलचे १५ जीबी तर जीमेल, ड्राईव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत, जागा भरली की मेल येणं थांबू शकतं. तेव्हा आधी मोठ्या अटॅचमेंटवाल्या मेल काढा, फोटोंना हात लावायच्या आधी.

आता घरच्या डिस्ककडे येऊ. मला नेहमी कोणीतरी सांगतं, मी सगळं डी ड्राईव्हमध्ये कॉपी करून ठेवलंय, काळजी नाही. अहो, बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशन्स असतात! एकाच कपाटाचे दोन कप्पे म्हणा, कपाट जळालं तर दोन्ही जाणार. विंडोज परत टाकताना सी फॉरमॅट होतो आणि डी वाचतो, तेवढाच फायदा. खात्री करायची असेल तर 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, तिथे डिस्क ० आणि डिस्क १ अशा वेगळ्या ओळी दिसल्या तरच त्या खरोखर वेगळ्या डिस्क. (ए आणि बी कुठे गेले असं मुलं विचारतात, ती अक्षरं फ्लॉपीसाठी होती, हार्ड डिस्क नंतर आली म्हणून तिला सी.)

आत काय आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावरून वाचणारं-लिहिणारं हेड सरकतं. तिच्यातून टक... टक... असा ठरावीक आवाज यायला लागला तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, बंद करा, डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच द्या. एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी नवीन डिस्क, मात्र आवाज न करता जाते, कधी कधी काहीच इशारा मिळत नाही. आणि हार्ड डिस्कवर डिलीट केलेलं बऱ्याचदा परत काढता येतं, कारण फाईल पुसली जात नाही, ती जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. एसएसडीत ट्रिम नावाचा प्रकार आहे, तो त्या मोकळ्या जागा खरोखर साफ करायला सांगतो. माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडीच होती.

नवीन १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दिसते, त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. पेन ड्राईव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नसेल तर तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, आतलं सगळं काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

बॅकअपसाठी पीटर क्रोग या फोटोग्राफरने मांडलेला ३-२-१ चा हिशोब मला अजूनही सगळ्यात बरा वाटतो. एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. लॅपटॉपवरची एक, एक्स्टर्नल डिस्कवरची दुसरी, क्लाउडवरची तिसरी, झालं. फक्त ती एक्स्टर्नल डिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची, कायम लावून ठेवली तर लॉक करणारा व्हायरस तिच्यापर्यंतही पोचतो. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, ती त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून काय उपयोग, सांगा?

आता ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी उघडा. डेस्कटॉपवरचा कुठलाही एक फोटो घ्या, राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज. 'लोकेशन'पुढे वनड्राईव्ह लिहिलंय का बघा. मग 'साइज' आणि त्याखाली 'साइज ऑन डिस्क'. हा दुसरा आकडा ० आला असेल तर तो फोटो तुमच्यासमोर दिसतोय पण तुमच्या लॅपटॉपमध्ये नाहीये. कोणाकोणाचा ० आला, हात वर करा, आपण तिथूनच सुरू करू.