हात डोक्याकडे जातो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या डोक्यावर टाळूच्या जरा मागे, उजव्या अंगाला रुपयाएवढी एक जागा आहे. तिथले केस विरळ आहेत आणि आता ते भरून येणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला सांगितलंय. भांग थोडा तिरका पाडला की जागा झाकली जाते. हे केस गळलेले नाहीत, मीच उपटलेत. सातवीत होते तेव्हापासून, एकेक करून, जवळजवळ पंधरा वर्षं.

अभ्यासाला बसलं की उजवा हात आपोआप डोक्यात जायचा. बोटं चाचपत फिरायची. कुठलाही केस चालायचा नाही, राठ, जरासा पिळाचा, हाताला वेगळा लागणारा हवा असायचा. तो चिमटीत सापडला की गणित, परीक्षा सगळं मागे पडायचं. एक बारीक हिसका. मग मुळाशी असलेला पांढरट ओलसर दाणा निरखायचा, केस ओठांवरून फिरवायचा. तेवढ्यापुरतं जिवाला बरं वाटायचं, की लगेच बोटं दुसऱ्याच्या शोधात. भानावर यायचे तेव्हा वहीवर वीस-पंचवीस केस पडलेले असायचे. फुंकर मारून ते कॉटखाली ढकलायचे आणि सकाळी केर काढताना ते आईला सापडायचे.

घरात जे जे सुचलं ते सगळं करून झालं. आजीनं दृष्ट काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, चाई पडलीय, कांद्याचा रस चोळा. बाबांनी तर गोटा करून आणायची धमकी दिली. एका दवाखान्यात चाईचं मलम मिळालं. "तू केस ओढतेस का गं?" असं तिथे कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. काय सांगणार? माझाच हात माझं ऐकत नाही, हे बाराव्या वर्षी कुठल्या शब्दांत सांगायचं?

या त्रासाला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. 1889 साली आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं अशाच एका तरुणाची हकीकत नोंदवली आणि ग्रीक शब्द जुळवून नाव दिलं, ट्रायकोटिलोमेनिया. त्यातला शेवटचा 'मेनिया' मला आजही खुपतो, कारण यात वेड काही नाही. 2013 पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हा विकार मंत्रचळाच्या गोतावळ्यात मोडतो. शंभरात एक-दोन जणांना तो असतो. बहुतेकांचा दहा ते तेरा या वयात सुरू होतो आणि मोठेपणी उपचाराला येणाऱ्यांत बायका जास्त दिसतात. दोन-तीन वर्षांची पोरं झोपताना केस ओढतात, त्यांची सवय बऱ्याचदा आपली आपण सुटते. कोणी डोक्याचे ओढतं, कोणी भुवयांचे, कोणी पापण्यांचे.

आयांनो, मुलीच्या डोक्यावर विरळ जागा दिसली तर आधी नीट बघा. चाईची जागा सहसा गोल आणि गुळगुळीत असते. डोक्यातल्या गजकर्णात खपल्या निघतात, खाज येते. उपटलेल्या जागेच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि आत लहानमोठे केस असतात, काही नुकते फुटलेले, काही मधेच तुटलेले. हात फिरवला तर कापलेल्या ज्वारीच्या धसकटांसारखे टोचतात. तरीही अंदाजावर राहू नका. त्वचेचे डॉक्टर दिव्याच्या भिंगातून बघतात, त्यांना तुटलेली, पिळलेली, फाटलेली टोकं दिसतात.

आता केसांचं काय होतं ते सांगते. केस कातडीखालच्या एका बारीक पिशवीतून उगवतो आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तो उपटला तरी पिशवी बहुधा जागेवरच राहते, काही आठवड्यांत नवा केस डोकावतो. म्हणून वेळेवर हात थांबला तर केस परत येतात, अगदी पहिल्यासारखे. त्याच जागी वर्षानुवर्षं हिसके बसले, की मात्र पिशवी सुजते, जखमते, शेवटी तिथे वण धरतो. वणातून केस येत नाही. माझी रुपयाएवढी जागा तीच. आणि यातलं सगळ्यात वाईट ऐका. नवा फुटणारा केस आखूड, ताठ, टोचरा असतो. म्हणजे बोटं जो शोधत असतात, नेमका तसाच. जागा भरायला लागली की हात पुन्हा तिथेच जातो.

उपटलेले केस काही मुलं गिळतात. केस पचत नाही, पोटात त्याचा गोळा होतो आणि कधीकधी ऑपरेशन करून काढावा लागतो. केस ओढणारं मूल पोट दुखतंय म्हणत असेल, जेवत नसेल, ओकत असेल, तर डॉक्टरांना केसांचंही सांगा.

मला उपाय सापडला तो सत्ताविसाव्या वर्षी, एका समुपदेशक ताईंकडे. 1973 मध्ये अझरिन आणि नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सवय उलटवण्याची एक पद्धत मांडली होती, तीच ताईंनी माझ्याकडून करून घेतली. आधी फक्त नोंद ठेवायची. कधी, कुठे, किती, काय करत होते. महिनाभरात वहीनं दाखवून दिलं, की माझी वेळ रात्री नऊ ते दहाची, टेबलावर कोपर टेकून वाचतानाची. चिंतेत जेवढा हात जायचा, तेवढाच कंटाळ्यातही जायचा. मग कोपर टेकणं बंद केलं आणि हात वर जायला लागला की मिनिटभर मूठ घट्ट आवळून धरायची. त्यानं थोडं जमलं. खरी कामाला आली आजीची कापसाची पेटी. कापूस पिंजायचा, चिमटीत धरायचा, फुलवात वळायची. बोटांना हवी असलेली चिमूट आणि हवा असलेला पीळ दोन्ही तिथे मिळालं. त्या वर्षी आमच्या देवघरात वाती मावेनात.

औषधांचं म्हणाल तर एन-ॲसिटिलसिस्टीनची चाचणी 2009 मध्ये पन्नास मोठ्या माणसांवर झाली होती. बारा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांतल्या 56 टक्क्यांना चांगला फरक पडला, औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत 16 टक्क्यांना. लहान मुलांवरच्या पुढच्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. म्हणून दुकानातून परस्पर आणू नका, मनोविकारतज्ज्ञांना विचारा. कुठे जावं हे कळत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

आणि घरच्यांनो, माझी एवढी विनंती ऐका. "हात खाली घे" म्हणून खेकसू नका. मी ते हजार वेळा ऐकलंय. दर वेळी हात खाली आला आणि मी दार लावून घ्यायला शिकले. त्यापेक्षा शेजारी बसा, तिच्या हातात काहीतरी द्या.

सवय अजूनही अधूनमधून डोकं वर काढते. परवा उत्तरपत्रिका तपासताना हात गेलाच, उठून पेटी आणायच्या आत. मी वही काढली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, चार. मग वाती वळायला बसले.

नमस्कार.