ट्रिटिकेल : पोलंडच्या रेताड रानातलं हिवाळी पीक

ओंबीच्या खाली, देठावरून बोट फिरवून बघा. बारीक, मऊ लव लागते. गव्हाच्या देठाला ती नसते. ती राय या धान्याकडून आली आहे. हे ट्रिटिकेल. आईकडून बन्सी गव्हाची 28 गुणसूत्रं, बापाकडून रायची 14.

गहू आणि रायचा संकर 1875 साली स्कॉटलंडमध्ये झाला, पण तो वांझ निघाला. बी धरणारा संकर जर्मनीत विल्हेल्म रिम्पाऊ यांना 1888 मध्ये मिळाला. पोलंडचं ‘लास्को’ हे हिवाळी वाण शेतात यायला 1982 उजाडलं. आज जगात सर्वांत जास्त ट्रिटिकेल पोलंडच पिकवतो. तिथली बरीच जमीन हलकी, रेताड आणि आम्लधर्मी. अशा मातीत अॅल्युमिनियम विरघळतं आणि गव्हाची मुळं खुंटतात. ट्रिटिकेल रायच्या वारशावर तग धरतं.

‘हिवाळी’ म्हणजे आपलं रब्बी नव्हे. या पिकाला शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात काही आठवडे काढावेच लागतात. महाराष्ट्रात पेरलं तर ते नुसते फुटवे काढत बसेल, पोटरीत येणार नाही. पोलंडमध्ये पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात, 3 ते 4 सेंटिमीटर खोल. चौरस मीटरला 300 रोपं हवीत. हजार दाण्यांचं वजन 45 ग्रॅम आणि उगवण 90 टक्के धरली, तर हेक्टरी 150 किलो बियाणं लागतं. पेरणीची घाई केली की पीक माजतं आणि बर्फाखाली बुरशीनं कुजतं.

वसंतात नत्र एकदम देऊ नका, हप्त्यांनी द्या. उंच वाणं जास्त नत्रानं हमखास लोळतात. पिवळा तांबेरा आणि भुरी या पिकावर पूर्वी क्वचित दिसत. आता दोन्ही रोगांनी ट्रिटिकेलशी जुळवून घेतलं आहे, त्यामुळे पानं नियमित तपासा. ओंबीत दाण्याच्या जागी काळपट, शिंगासारखा लांब गोळा दिसला तर तो अरगट या बुरशीचा. तो विषारी असतो. असा माल चाळून, निवडून घेतल्याशिवाय जनावरांपुढे टाकू नका.

खरी कसोटी कापणीची. पिकलेल्या ओंबीवर पाऊस पडला की दाणा उभ्या पिकातच कोंबतो. दाण्यातलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चची साखर करू लागतं. त्या पिठाचा पाव आतून चिकट राहतो. कणकेला चिवटपणा देणारं ग्लुटेन हे प्रथिनही मुळात कमकुवत, त्यामुळे पावासाठी गव्हाचं पीठ मिसळावंच लागतं. दाणा वाळला की थांबू नका. साठवताना ओलावा 14 टक्क्यांच्या वर नको.

बहुतेक दाणा डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. गव्हापेक्षा त्यात लायसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं, म्हणून सोयापेंड थोडी कमी लागते. हिरवा चारा हवा असेल तर पोटरीत असताना कापा. मुरघासाला दाणा चिकात भरून मऊ होईपर्यंत थांबा, मात्र कुसळांचं वाण त्यासाठी टाळा, कारण कडक कुसळं गुरांच्या तोंडाला टोचतात. आणि पाववाल्याला नको असलेलं ते अमायलेज मद्यनिर्मितीत कामाला येतं : स्टार्चची साखर दाण्यातल्या विकरानंच होते, बाहेरून माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कमी घालावं लागतं.