पायाखालची वाट : हौशी डोंगरी सायकल शर्यतीविषयी

सायकल शर्यत म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मुंबई–पुणे शर्यत उभी राहते, बोरघाटाची चढण आणि ‘घाटाचा राजा’ हा किताब आठवतो. आज मी ज्या शर्यतीविषयी बोलणार आहे, तिला डांबरी रस्ता नसतो. डोंगराच्या अंगावर चार ते सहा किलोमीटरचे एक वेटोळे आखलेले असते, त्यात चढ, पायवाट, ओढा, कातळ आणि घसारा असे सगळे यावे अशी योजना असते, आणि सर्व स्पर्धक एकाच वेळी सुटून त्या वेटोळ्याच्या ठरलेल्या फेऱ्या पूर्ण करतात. हिला क्रॉस-कंट्री म्हणतात. १९९६ साली अटलांटाला ती ऑलिंपिकमध्ये आली आणि तिथले पहिले सुवर्णपदक पुरुषांत नेदरलँड्सच्या बार्ट ब्रेंटयेन्सने, तर महिलांत इटलीच्या पाओला पेत्सोने मिळवले. तिथले स्पर्धक साधारण दीड तास झुंजतात. आपल्याकडच्या हौशी शर्यतीत तीन-चार फेऱ्या असतात, वेग पुष्कळ कमी असतो, पण शर्यतीचे स्वरूप तेच असते.

मी गेली नऊ वर्षे चाळिशीपुढच्या गटातून या शर्यतींत उतरतो आहे. नव्याने येणारे लोक मला पहिला प्रश्न ‘सायकल कोणती घ्यावी’ हा विचारतात. पुढचा सस्पेन्शन फोर्क धड असलेली, डिस्क ब्रेकची आणि आपल्या मापाची कोणतीही हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, पहिली दोन वर्षे पुरते. हाताशी आणखी पैसे असतील तर ते टायरवर खर्च करावेत, एवढेच मी सांगतो. मग मी त्यांना विचारतो, की शर्यतीची वाट तुम्ही चालून आलात का? बहुतेक जण आलेले नसतात. सवयीच्या रस्त्याला आपण ‘पायाखालची वाट’ म्हणतो, आणि या खेळात तो शब्द मी अगदी शब्दशः घेतो. वाट आधी पायाखालून गेली पाहिजे, मगच ती चाकाखाली घ्यावी, आणि हे काम आदल्या दिवशी, सायकल गाडीत ठेवून, साध्या बुटांनी चालत करावे.

जगातल्या उत्तम सायकलपटूंनाही यातून सूट नाही. टोकियो ऑलिंपिकची क्रॉस-कंट्री शर्यत २६ जुलै २०२१ रोजी इझूला झाली. तिथे एका मोठ्या शिळेवरून खाली उतरण्याची जागा होती आणि सरावाच्या काळात त्या उतरणीला फळीचा आधार लावलेला होता. शर्यतीच्या दिवशी तो काढलेला होता. नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हान डेर पूल हा विजयाचा दावेदार मानला जात होता. फळी असेल या समजुतीने तो पहिल्याच फेरीत शिळेवरून उतरला, पुढचे चाक सरळ खाली गेले आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. एवढ्या कसलेल्या माणसाचे हे होऊ शकते, तर शनिवारी रात्री उशिरा येऊन रविवारी सकाळी सात वाजता रेषेवर उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय गृहीत धरावे?

माझ्या पहिल्या शर्यतीत मी तेच केले होते. वाट पाहिलेली नव्हती. दुसऱ्या फेरीत एका बांधाच्या कडेने वळताना मी वाळलेल्या बाभळीच्या फांदीवरून गेलो आणि ट्यूब बसली. त्या फांदीला चुकवून जाणारी हातभर रुंदीची मोकळी जागा तिथे होती, ती मला सायकल खांद्यावर घेऊन परत चालताना दिसली. आणखी एका ठिकाणी, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, आयोजकांनी वाट शर्यतीच्या सकाळीच खुली केली, एका वळणावरची वाट दाखवणारी फीत वाऱ्याने उडाली होती, आणि आम्ही आठ-दहा जण एका जुन्या खाणीच्या तोंडाशी जाऊन थांबलो. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की आदल्या दिवशी वाट खुली न करणाऱ्या शर्यतीत प्रवेश घेऊ नये. शुल्क कमी असेल, बक्षीस मोठे असेल, तरी घेऊ नये. हा सोयीचा प्रश्न नाही, हाडांचा प्रश्न आहे.

वाट चालताना काय पाहायचे, हे प्रत्येक प्रदेशाच्या मातीवर ठरते. सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेच्या टेकड्या बेसाल्टच्या आहेत. हा काळा दगड झिजून त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाची बारीक गोलसर खडी जेव्हा कठीण कातळावर किंवा घट्ट झालेल्या पायवाटेवर पातळ थरात पसरते, तेव्हा चाकाखाली मोहऱ्या सांडल्यासारखी अवस्था होते. ट्रेक करणारी मंडळी ज्याला घसारा म्हणतात तो हाच. खोल, मऊ मातीत चाक रुतते पण पकड राहते. पातळ मुरमावर चाक रुतत नाही आणि टायरच्या नक्षीची उंच गुठळी खालच्या कातळापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे चालताना बुटाच्या टाचेने वळणाची माती घासून पाहावी. टाच आत गेली तर वळताना सायकल कलती करता येईल. टाच सरकली तर वेग वळणाच्या आधीच उतरवावा लागेल. ऋतूंचा फरकही मोठा आहे. ऑक्टोबरात गवत गुडघाभर असते आणि त्यात दगड लपलेले असतात. डिसेंबरपर्यंत गवत वाळून आडवे होते, दगड दिसू लागतात, पण कुसळे मोज्यांत आणि बाभळी-बोरीचे काटे टायरमध्ये शिरायला लागतात. फेब्रुवारीनंतर मुरूम पार सुटा होतो. एकच उतार नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये दोन वेगळे उतार असतात.

टायरमधल्या हवेचा निर्णय या चालण्यातूनच होतो. रस्त्यावर सायकल चालवून डोंगराकडे वळलेले लोक सवयीने टायर दगडासारखे टणक करतात. असा टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो आणि उसळलेल्या क्षणी त्याची पकड शून्य असते. सव्वादोन इंच रुंदीचा ट्यूबलेस टायर आणि सत्तर किलोंच्या आसपासचा माणूस असेल, तर वीस ते चोवीस पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा मला योग्य वाटते, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा एक-दोन पीएसआय जास्त. ट्यूबलेसच्या आत सीलंट नावाचा जो द्रव असतो तो काट्याचे छिद्र स्वतःच बुजवतो, आणि आपल्या बाभळीच्या मुलखात तेवढ्यासाठीच ट्यूब काढून टाकावी असे मी म्हणेन.

आता शर्यतीच्या सुरुवातीकडे येतो, कारण हौशी माणसाचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. क्रॉस-कंट्रीत सुरुवात अतिशय वेगवान असते आणि त्याला कारण आहे. आरंभरेषेपाशी वाट रुंद असते, पण काहीशे मीटरांनी ती एका माणसापुरती होते, तिला आम्ही सिंगल ट्रॅक म्हणतो, आणि एकदा त्या अरुंद वाटेत शिरलो की पुढच्याला ओलांडणे अवघड होते. म्हणून प्रत्येक जण तिथे आधी पोहोचण्यासाठी जिवाच्या आकांताने पॅडल मारतो. ऑलिंपिकच्या माणसाला हे परवडते, कारण त्या तडाख्यानंतर त्याचे शरीर चढावरही सावरू शकते. आपले सावरत नाही. पहिल्या तीन मिनिटांत श्वास पूर्ण तुटला, मांड्यांत जळजळ सुरू झाली, की पुढचा अर्धा तास त्या तीन मिनिटांची परतफेड करण्यात जातो, आणि दमलेला माणूस उतारावर चुका करतो. मी स्वतःला एक साधी कसोटी घालून घेतली आहे. पहिल्या चढावर मागच्या स्पर्धकाशी दोन-तीन शब्द बोलता आले पाहिजेत. येत नसतील तर एक गिअर उतरवायचा आणि लोकांना पुढे जाऊ द्यायचे. हे मनाला फार जड जाते, दहा-बारा जण डोळ्यांदेखत पुढे निघून जातात. त्यांतले निम्मे तिसऱ्या फेरीत त्याच चढावर सायकल ढकलत चालताना भेटतात.

खाण्यापिण्यावर मी थोडक्यात बोलतो. दीड तासाच्या कडक मेहनतीत स्नायूंतला साखरेचा साठा जवळजवळ संपतो, त्यामुळे अर्ध्या तासानंतर काहीतरी पोटात गेले पाहिजे, आणि ते गेल्या महिन्याभरात सरावाच्या वेळी खाऊन पाहिलेले असले पाहिजे. मी दोन खजूर आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी घेतो. बाटलीला हात घालण्याची जागाही आदल्या दिवशी चालतानाच ठरवावी, कारण पूर्ण वेटोळ्यात एक हात सोडता येईल असे सपाट तुकडे दोन-तीनच असतात.

उतार हा या खेळाचा मूळ उगमच आहे. १९७६च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, जड सायकली घेऊन फेअरफॅक्सजवळच्या डोंगरावरून खाली शर्यती लावू लागले. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, उलटे पॅडल मारून लावण्याचा ब्रेक होता. तो उतारावर इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक उतरणीनंतर हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ हे नाव पडले. जो ब्रेक सतत दाबलेला राहतो तो ऐन वेळी हाती राहत नाही, हे त्यांना तेव्हाच कळले असणार. आजचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक एका बोटाने चाक थांबवतात, पण भित्र्या हाताने अखंड धरून ठेवलेला ब्रेक आजही तसाच घातक आहे. चाक अडले की ते घसरते, आणि घसरणारे चाक वळवता येत नाही. घट्ट जमिनीवर, वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असताना ब्रेक लावून वेग पुरता उतरवावा. सुट्या मुरमावर आणि वळणाच्या पोटात शक्यतो बोट सैल असावे. वजन मागे, गुडघे आणि कोपर मोकळे, टाचा खाली, आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वळण जिथे संपते तिथे. नजरेची ही सवय मला लागायला दोन हंगाम लागले. जी जागा मी आदल्या दिवशी चाललो होतो, तिथे मात्र ती आपोआप लागत गेली, कारण वळणापलीकडे काय आहे हे ठाऊक असल्यावर डोळ्यांना जवळच्या दगडाला चिकटून राहण्याचे कारण उरत नाही.

बिघाड कोणालाही होतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एलांकूरच्या टेकडीवर ब्रिटनच्या टॉम पिडकॉकच्या पुढच्या चाकाची हवा गेली, चाक बदलण्यात तो नवव्या क्रमांकापर्यंत मागे पडला, आणि तरीही शेवटी त्यानेच सुवर्णपदक जिंकले. त्याला चाक बदलून मिळाले, कारण तिथे मदतीसाठी ठरवलेल्या जागा असतात. आपल्या हौशी शर्यतीत बहुधा खिशातला प्लग, म्हणजे टायरचे छिद्र बुजवणारी पट्टी, पंप आणि आपली दोन बोटे एवढीच मदत असते. छिद्र बुजवण्याचे हे काम घरी अंगणात, घड्याळ लावून, दहा वेळा करून पाहावे.

शर्यत संपल्यावर मी शक्य तेव्हा फिती काढायला थांबतो. टेकडी दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्यांची आणि गुरे चारणाऱ्यांची असते, तिथे प्लॅस्टिक राहू नये हे तर आहेच, पण मला त्यात माझाही लाभ दिसतो. त्या वेळी मी ते वेटोळे पुन्हा पायी चालतो. मुरमावर सगळ्यांच्या चाकांचे माग उमटलेले असतात. गेल्या जानेवारीत एका डाव्या वळणावर माझा स्वतःचा माग मला ओळखू आला, कारण तिथे मी घसरलो होतो आणि मातीवर लांब ओरखडा पडला होता. त्याच्या वर, वीतभर अंतरावर, कातळाच्या उघड्या पट्टीवरून एकच बारीक, सरळ माग गेला होता. मी तिथे उभा राहून टाचेने दोन्ही जागा घासून पाहिल्या. कातळावर टाच धरत होती. आदल्या दिवशी मी त्याच वळणावरून चाललो होतो आणि खालच्या बाजूने चाललो होतो.