आकडा आणि त्याची अट

नमस्कार.

नवा फोन जाहीर होतो, नवं ग्राफिक्स कार्ड येतं, एखाद्या गेमची तारीख पुढे जाते, आणि तासाभरात इंटरनेटवर वाद पेटतो. हे वाद वाईट असतात असं मला अजिबात वाटत नाही. कंपन्यांनी न सांगितलेल्या काही गोष्टी ग्राहकांच्या वादातूनच उघड झाल्या आहेत. त्यातली दोन प्रकरणं आज जरा तपशिलात पाहू. पण बहुतेक वाद कुठेच पोहोचत नाहीत, आणि कारण बहुधा एकच असतं. आकडा सगळे सांगतात, पण तो कोणत्या अटीवर खरा आहे, ते कुणी लिहीत नाही.

सुरुवात टेराफ्लॉपपासून करतो, कारण या शब्दावरून जेवढी भांडणं झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून झाली असतील. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अपूर्णांकी आकडेमोडी. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन गेमिंग कन्सोल एकाच आठवड्यात आले. पहिल्याचे १०.२८ टेराफ्लॉप, दुसऱ्याचे १२.१५. हे आकडे कुणी मोजलेले नाहीत, ते गुणाकारानं काढलेले आहेत. प्लेस्टेशनच्या चिपमध्ये ३६ कम्प्यूट युनिट, प्रत्येकात ६४ गणक. प्रत्येक गणक एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करतो, म्हणून गुणिले २. आणि घड्याळ, म्हणजे ठोक्यांचा वेग, २.२३ गिगाहर्ट्झ (सेकंदाला २२३ कोटी ठोके). ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३ करा, १०.२८ येतात. एक्सबॉक्समध्ये ५२ युनिट, घड्याळ १.८२५. तोच हिशोब, १२.१५.

यात अट कोणती? प्रत्येक ठोक्याला प्रत्येक गणकाला काम मिळालं तर. खेळात तसं होत नाही. गणक मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत बसतात. शिवाय प्लेस्टेशनचं २.२३ हे ‘कमाल’ घड्याळ आहे, भारानुसार ते खाली येऊ शकतं, तर एक्सबॉक्सचं स्थिर आहे. म्हणजे एका आकड्याच्या मागे ‘पर्यंत’ हा शब्द आहे आणि दुसऱ्याच्या मागे नाही. सुरुवातीच्या कित्येक गेममध्ये दोन्ही कन्सोल जवळपास बरोबरीनं चालले, तर काहींत लहान आकड्याचं कन्सोल पुढे राहिलं. ज्यांनी १८ टक्के फरकावर पैज लावल्यासारखा वाद घातला होता, त्यांच्या गणितात चूक नव्हती. त्यांनी गणिताची कमाल मर्यादा म्हणजेच कामगिरी असं धरलं होतं.

हे दोघे निदान एकाच घराण्यातल्या चिपवर होते. घराणं बदललं की हाच आकडा जास्तच फसवतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड आलं. आधीच्या पिढीतल्या २०८० मध्ये २,९४४ गणक, यात ८,७०४. घड्याळ दोन्हींचं १.७१ गिगाहर्ट्झ. कागदावर १०.०७ टेराफ्लॉप विरुद्ध २९.७७, म्हणजे जवळजवळ तिप्पट. ४के रिझोल्यूशनवर गेम चालवून केलेल्या चाचण्यांत फरक साधारण ६० ते ८० टक्के निघाला. मग ‘फसवणूक’ विरुद्ध ‘चाचण्या चुकीच्या’ असा वाद सुरू झाला. दोन्ही बाजूंना उत्तर चिपच्या रचनेत सापडलं असतं.

जुन्या रचनेत प्रत्येक गटात ६४ गणक अपूर्णांकांसाठी आणि ६४ वेगळे पूर्णांकांसाठी होते. मोजताना फक्त पहिले धरत. नव्या रचनेत दुसऱ्या ६४ ना दोन्ही कामं येऊ लागली, म्हणून मोजणीत १२८ आले. पण खेळात पूर्णांकांचं काम संपत नाही. कंपनीनं २०१८ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की गेममध्ये दर १०० अपूर्णांकी आज्ञांमागे सुमारे ३६ पूर्णांकी असतात. त्या हिशोबानं १२८ पैकी ३४ गणक पूर्णांकांत अडकतात, उरतात ९४. असे गट जुन्या कार्डात ४६, नव्यात ६८. आता गुणोत्तर तिप्पट राहत नाही, २.२ पटीच्या आत येतं. त्यात मेमरीचा वेग धरा: सेकंदाला ४४८ जीबीवरून ७६०, म्हणजे १.७ पट. चाचणीतला आकडा कुठून आला, ते समोर दिसतं. जाहिरात खोटी नव्हती आणि चाचणीही खोटी नव्हती.

आता एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम (चित्रं). इथे लोक बेरीज-वजाबाकी करतात आणि तिथेच गफलत होते, कारण डोळ्याला आणि हाताला जाणवतो तो फ्रेममागचा वेळ. ३० एफपीएसला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद घेते, ६० ला १६.७, १२० ला ८.३, २४० ला ४.२. तीसवरून साठवर जाताना जवळपास १७ मिलिसेकंद वाचतात. १२० वरून २४० वर जाताना १२० फ्रेम वाढूनही फक्त चार. ‘मला फरक जाणवत नाही’ आणि ‘प्रचंड फरक आहे’ असं म्हणणारे दोघं पुष्कळदा याच पायरीच्या दोन टोकांना उभे असतात. कन्सोलवरच्या ४० एफपीएसच्या पर्यायाला काहींनी नावं ठेवली, पण २५ मिलिसेकंद म्हणजे ३० आणि ६० च्या वेळांचा बरोबर मध्य आहे. त्यासाठी पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा लागतो, कारण १२० ला ४० नं पूर्ण भाग जातो. साठला जात नाही, म्हणून साठच्या पडद्यावर तोच खेळ अडखळतो.

सरासरी तर फारच कमी सांगते. एका मिनिटात ६० ची सरासरी असलेला खेळ दर दहा सेकंदांनी पाव सेकंद गोठत असेल, तर सरासरीत ते लपतं. म्हणून ‘१ टक्का लो’ पाहतात. पण इथेही अट आहे. काही जण सर्वांत मंद १ टक्का फ्रेमची सरासरी घेतात, तर काही जण ९९ टक्के फ्रेम ज्याच्या आत बसतात तो वेळ घेतात. एकाच नोंदीतून दोन वेगळे आकडे निघतात, आणि एफपीएसमध्ये मांडले तर पहिला नेहमी कमी किंवा तेवढाच असतो. दोन ठिकाणचे ‘१ टक्का लो’ शेजारी ठेवण्याआधी पद्धत विचारलीच पाहिजे.

फ्रेम जनरेशन, म्हणजे कार्डानं स्वतः फ्रेम बनवण्याची सोय, आल्यापासून तर एफपीएस या शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत. कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालतं. ती बनवण्यासाठी पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणून ती क्षणभर अडवून धरली जाते. पडद्यावर १२० दिसतात, पण बटण दाबल्यापासूनचा उशीर साठचाच राहतो, थोडा वाढतोसुद्धा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियानं ५०७० हे कार्ड ४०९० च्या तोडीचं असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या तुलनेत दर चार फ्रेमपैकी तीनपर्यंत बनवलेल्या होत्या. बनवलेल्या फ्रेमला माझा विरोध नाही, हालचाल खरोखर नितळ दिसते. पण खऱ्या आणि बनवलेल्या फ्रेम एकाच रकान्यात घालणं मला मान्य नाही.

‘माझ्याकडे तर एवढे येत नाहीत’ हा वाक्प्रचार तुम्ही रोज वाचत असाल. त्यावर लगेच खोटं ठरवण्यापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. रॅमची एकच पट्टी आहे का? एका पट्टीवर मेमरीचा रस्ता निम्मा होतो. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू केली आहे का? नसेल तर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम मूळच्या कमी वेगावरच चालते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात? आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट बदलला आहे का? १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन् महिने ६० वर चालत राहतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. स्वतः मोजायचं असेल तर प्रेझेंटमॉन हे मोफत साधन प्रत्येक फ्रेमचा वेळ फाइलमध्ये लिहून देतं. एकच जागा, साठ सेकंद, चार फेऱ्या. पहिली फेरी टाकून द्या, कारण तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात आणि खेळ अडखळतो. सोबत ड्रायव्हरची आवृत्ती, रिझोल्यूशन, सेटिंग आणि अपस्केलिंग (लहान चित्र मोठं करून दाखवण्याची सोय) चालू की बंद, ते लिहा. फोनसाठी एक फेरी कामाची नाही. तो तापल्यावर काय करतो ते पाहायचं असतं, म्हणून एका मिनिटाची चाचणी सलग वीस वेळा चालवतात आणि पहिला व शेवटचा आकडा दोन्ही देतात.

आता ती दोन प्रकरणं.

एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० हे कार्ड सप्टेंबर २०१४ मध्ये आलं. काही महिन्यांत वापरणाऱ्यांना दिसलं की ४ जीबी मेमरी असूनही खेळ साडेतीन जीबीच्या आसपास थांबतात आणि त्यापुढे गेले की अडखळतात. एका प्रोग्रामरनं लहानशी चाचणी लिहिली: मेमरीचे तुकडे एकेक करून भरायचे आणि प्रत्येकाचा वेग मोजायचा. शेवटच्या तुकड्यांत वेग कोसळला. पण लगेच आक्षेप आला, आणि तो रास्त होता: दुसऱ्या कार्डांवरही शेवटी वेग पडतो. कारण असं की विंडोजचा डेस्कटॉपही त्याच मेमरीत बसलेला असतो. उपाय निघाला, मॉनिटर प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर जोडायचा आणि कार्ड मोकळं ठेवून चाचणी चालवायची. तसं केल्यावर त्याच मालिकेतल्या ९८० चा वेग शेवटपर्यंत टिकला, ९७० चा नाही. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीनं मान्य केलं की मेमरी ३.५ आणि अर्ध्या जीबीच्या दोन भागांत आहे. वेग सेकंदाला २२४ जीबी छापला होता, तो १९६ अधिक २८ निघाला. आरओपी (तयार पिक्सेल मेमरीत लिहिणारे भाग) ६४ सांगितले होते, ५६ निघाले. त्या आक्षेपावर चिडून बसले असते तर हे इतकं ठामपणे सिद्ध झालं नसतं.

दुसरं प्रकरण आयफोनचं. ‘जुने फोन मुद्दाम मंद करतात’ हा आरोप फार जुना, आणि ‘तुमचा भास आहे’ हे उत्तरही तेवढंच जुनं. डिसेंबर २०१७ मध्ये एका आयफोन ६एस वापरणाऱ्यानं एकच बदल केला, तो म्हणजे बॅटरी नवी घातली. वेग मोजणाऱ्या गीकबेंच या ॲपमधला प्रोसेसरच्या एका कोअरचा गुण १४६६ वरून २५२६ झाला. एका फोनवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून गीकबेंचच्या निर्मात्यांनी जमलेल्या हजारो नोंदी आयओएसच्या (आयफोनच्या प्रणालीच्या) आवृत्तीप्रमाणे मांडल्या. १०.२ वर आलेखात एकच मोठं शिखर होतं, १०.२.१ वर खालच्या गुणांना आणखी शिखरं उगवली. त्याच आठवड्यात ॲपलनं कारण सांगितलं: जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, अचानक जास्त प्रवाह ओढला की व्होल्टेज घसरतं आणि फोन बंद पडतो, म्हणून प्रोसेसरवर मर्यादा घातली होती. महिनाअखेरीस माफी आली, बॅटरी बदलण्याचा दर उतरला. इथे एक भेद जपायला हवा. फोन मंद केले जात होते, हे मोजमापानं सिद्ध झालं. ‘नवे विकले जावेत म्हणून’ हा हेतू त्या मोजमापात कुठेच नव्हता. कृती आणि हेतू एका वाक्यात बांधले की समोरचा हेतू खोडून काढतो आणि त्याबरोबर सिद्ध झालेली कृतीही वाहून जाते.

बातम्यांबद्दल थोडक्यात. उपकरण येण्याआधीच फुटलेले बेंचमार्क (वेगचाचणीचे) गुण पाहताना लक्षात ठेवा, मॉडेलचं नाव उपकरण स्वतःच कळवतं आणि ते बदलता येतं. उलट दिशेनं हीच युक्ती उपयोगीही पडली. २०२२ मध्ये एका बेंचमार्कला लोकप्रिय गेमचं पॅकेज नाव दिल्यावर सॅमसंगच्या फोनवर त्याचा गुण निम्म्याहून खाली आला, आणि ॲपच्या नावावरून वेग आवळला जातो हे उघड झालं. त्यानंतर गीकबेंचनं चार पिढ्यांचे गॅलेक्सी एस फोन यादीतून काढले. परीक्षण वाचताना ते कोणत्या यंत्रावर झालं ते पाहा. डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ ची प्रकाशनापूर्वीची परीक्षणं पीसीवरची होती. जुन्या कन्सोलवर खेळ एवढा बिघडला की आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला. परीक्षकांनी दिलेले गुण आणि खेळाडूंचा संताप, दोन्ही खरे होते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरचा खेळाडूंचा आकडा एका क्षणी किती जण खेळत आहेत तो असतो. एकट्यानं खेळायचा तीस तासांचा गेम महिन्याभरानं ओस पडला तर तो लोकांनी संपवलेला असतो.

शेवटचा मुद्दा दुरुस्तीचा. आपलं विधान चुकलं असं दिसलं की ते पुसू नका, कारण खालची उत्तरं त्याला धरून असतात. मूळ वाक्य ठेवा आणि त्याखाली तारीख घालून नवं लिहा. वरच्याच उदाहरणात ‘३०८० तिप्पट वेगवान’ असं लिहिलं असेल, तर त्याखाली असं लिहावं: ‘तिप्पट फक्त कागदी टेराफ्लॉपमध्ये. ४के, सर्वोच्च सेटिंग, अपस्केलिंग बंद, अमुक ड्रायव्हर, अमुक गेम, तीन फेऱ्यांची सरासरी: २०८० चे इतके, ३०८० चे इतके.’