मेथड कुणाच्या थ्रेडवर चालते?

फळ्यावर एक छोटा क्लास, म्हणजे माहिती आणि कामं एकत्र बांधणारा साचा, लिहिलाय, तो बघा. नाव डाउनलोडर. जावा भाषेच्या थ्रेड या क्लासवरून काढलेला, आणि त्याच्या रन मेथडमध्ये, म्हणजे रन नावाच्या कामात, फाइल उतरवून घ्यायचं काम. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारी कामाची एक धार. खाली मुख्य प्रोग्रॅममध्ये मी त्या साच्यातून ऑब्जेक्ट तयार केला आणि रन बोलावली. फाइल कुठल्या थ्रेडवर उतरेल?

"बॅकग्राउंडला," असं बरेच जण म्हणालात. नाही! ती मुख्य थ्रेडवरच उतरेल आणि तोवर पुढची ओळ ताटकळत बसेल. कोड तपासून भाषांतर करणारा कंपायलर कुरकुर करणार नाही, उत्तरही बरोबर येईल. म्हणून तर ही चूक महिनोन्महिने लपून राहते. रनऐवजी स्टार्ट म्हटलं की नवा थ्रेड उभा राहतो, आणि मग तो स्वतः रन बोलावतो.

जावात ऑब्जेक्ट कुठल्याच थ्रेडचा नसतो. तो मेमरीत पडलेला असतो. जो थ्रेड मेथड बोलावेल, त्याच्यावर ती चालते. क्लासचं नाव थ्रेड असलं तरी हेच.

म्हणून मी थ्रेडवरून क्लास काढूच नका म्हणतो. जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून, एक्झिक्युटर, म्हणजे दिलेली कामं थ्रेडवर चालवून घेणारे ऑब्जेक्ट, आहेत. आपला क्लास साधा ठेवा, त्याची मेथड काम म्हणून एक्झिक्युटरच्या हवाली करा.

पण ऑब्जेक्ट एकच आणि थ्रेड दोन झाले, की खरी गंमत सुरू होते. किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावर दोघे भाऊ. दोघांनी एकदमच वही बघितली: बाकी ४० रुपये. थोरल्यानं १० मिळवून ५० लिहिले, धाकट्यानंही १० मिळवून ५०च लिहिले. दहा रुपये गेले! 'काउंट प्लस प्लस', म्हणजे आकडा एकनं वाढवणं, दिसतं एक पाऊल, पण असतात तीन: वाचणं, मिळवणं, लिहिणं. दोन थ्रेडना प्रत्येकी १ लाख वेळा आकडा वाढवायला सांगा, घरी करून बघा. बहुधा २ लाखांच्या आतच अडकाल. त्यावर उपाय म्हणून सिंक्रोनाइज्ड हा शब्द आहे; तो मेथडला लॉक लावतो, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत. पण लोक लिहिणाऱ्या मेथडला लॉक लावतात आणि वाचणारी मोकळी सोडतात. मग वाचणाऱ्याला जुना आकडा दिसू शकतो.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, चालू थ्रेड बाहेरून मारता येतो का? स्टॉप नावाची मेथड होती. जावा १.२ मध्ये, १९९८ साली, तिच्यावर 'वापरू नका' असा शिक्का बसला. थ्रेड मधेच मेला की त्याच्या हातातली सगळी लॉक सुटतात. वही अर्धवट खाडाखोड केलेली, आणि दुसरा भाऊ तीच खरी धरून हिशेब करतो. २०२३ च्या जावा २० मध्ये तर स्टॉप बोलावलं की नुसतं एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची खूण, अंगावर यायला लागलं. आता करायचं ते इंटरप्ट, आणि ती फक्त विनंती आहे. आपल्या लूपमध्ये दर फेरीला ती आली का, हे आपणच तपासायचं; न तपासणारा थ्रेड खुशाल चालू राहतो.